पानिपतच्या तळ्यांवरची ताई

ताई गेली ती माझ्याच घरी, नोएडात, दुपारच्या झोपेत. त्यामुळे बातमी मला कुणी कळवली नाही, मलाच ती सगळ्यांना कळवावी लागली. पहिला फोन केला पानिपतला, तिच्या धाकट्या दिराला, सत्पालला. तो तळ्यावर होता, मागे पंपाचा आवाज येत होता. "सत्पाल भैया, ताई गेली," असं मी गडबडीत मराठीतच बोलून गेले आणि मग तेच हिंदीत पुन्हा सांगितलं. मग कुणाला तरी ओरडून त्यानं पंप बंद करायला सांगितलं. आवाज थांबला आणि तो म्हणाला, "दीदी, उन्हें यहीं ले आओ. अब तो ले आओ."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पण ते 'अब तो' माझ्या मनातून जात नाही. भेटायला आलेली माणसं म्हणत होती, "शुभा, तू किती केलंस गं तिचं. सख्खी बहीण असावी तर अशी." मी मान हलवायचे. त्यांना चहा द्यायचे. आणि प्रत्येक वेळी वाटायचं, यांच्यापैकी कुणीतरी सत्पालशी बोलावं.

आम्ही दोघी बहिणी लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो. बाबा अलिबागकडचे, दिल्लीला नोकरीसाठी आले आणि समुद्र सोडल्याचं दुःख आयुष्यभर ताटावर बसून करत राहिले. गोड्या पाण्यातल्या माशाला ते मासा म्हणायलाच तयार नसत. "नुसता चिखल लागतो जिभेला," म्हणायचे. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. नाव विजया, पण मी तिला कधी नावानं हाक मारली नाही. बी.एस्सी.ला तिच्या वर्गात पानिपतचा एक मुलगा होता, ओमप्रकाश. सतरंज्या आणि खेस, म्हणजे जाड सुती चादरी, विणणाऱ्या मागांचं त्यांचं छोटं काम होतं आणि गावाकडे थोडी शेती. ताईनं घरी सांगितलं की लग्न करीन तर याच्याशी. आई रडली. बाबा मात्र बराच वेळ पेपर समोर धरून बसले आणि म्हणाले, "विजया, मराठी माणूस एकदा जाऊन आलाय पानिपतला. काय झालं ते तुला शाळेत शिकवलंय ना?" ताई म्हणाली, "बाबा, ते लढायला गेले होते. मी राहायला जातेय." त्या दिवसापासून आमच्या घरात पानिपत या शब्दावरून विनोद करायची मुभा फक्त ताईला राहिली.

ती तिथे खरंच राहिली. शाळेत जीवशास्त्र शिकवलं, हरियाणवी इतकी शिकली की फोनवर तिचा आवाज ओळखू यायचा नाही. मूल झालं नाही, त्याचं तिनं कधी काही बोलून दाखवलं नाही. ओमजी अकाली गेले तेव्हा मी तिला म्हटलं, आता दिल्लीला ये. ती म्हणाली, "आत्ता नको. आत्ता आले तर पळून आल्यासारखं होईल." मग वर्षभरानं कळलं की ती शेतात तळं खोदतेय.

खोदतेय म्हणजे अर्धं आधीच खोदलेलं होतं. तिच्या सासऱ्यांनी एका वीटभट्टीवाल्याला शेताच्या कडेची माती उचलू दिली होती. माती गेली आणि मागे मोठा खड्डा राहिला. पावसाळ्यात त्यात पाणी साचायचं, ते उन्हाळ्यापर्यंत हटायचं नाही, गहू तर सोडाच, तिथे धड गवतही यायचं नाही. सगळं गाव त्या खड्ड्याला शिव्या द्यायचं. ताई सुट्टीच्या दिवशी त्याच्या काठावर जाऊन बसायची. तिनं खड्डा खोल केला, बांध घातले, कूपनलिकेचं पाणी सोडलं, आणि एका तळ्याची पुढे दोन तळी झाली. मला वाटलं, दुःखात माणूस काहीतरी करत राहतं तसं आहे हे, सहा महिन्यांत संपेल.

मासे म्हटल्यावर घरात वादळ झालं. सगळं घर शाकाहारी, गावही बहुतेक तसंच. सासूबाईंनी तर जेवण सोडलं. सत्पालनं काठावर उभं राहून सांगितलं की भाभी, हे काम आपल्या घरात होणार नाही. ताईनं वाद घातला नाही. तिनं सासूबाईंना खुर्ची टाकून तळ्यावर बसवलं आणि समजावलं की यात एकाच जातीचे मासे नाहीत. कटला पाण्याच्या वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी चिखलात. गवत्या गवत खातो, चंदेरा पाण्यातलं हिरवं शेवाळ गाळून पोट भरतो. गवत्याची विष्ठा पडते, त्यावर पुन्हा बाकीच्यांचं खाद्य तयार होतं. "सगळे एकाच पाण्यात?" सासूबाईंनी विचारलं, "और लड़ते नहीं?" ताई म्हणाली, "अम्माजी, सबकी थाली अलग है. लड़ेंगे किस बात पे?" मला ताईनं हे सांगितलं तेव्हा ती हसत होती. सासूबाई म्हणे तळ्याकडे बघून म्हणाल्या, "आमच्यात मात्र थाळी एक होती." त्या घरात तीन जावा एका चुलीवर नांदल्या होत्या. त्यांनी परवानगी दिली, एका अटीवर: घरात मासा शिजणार नाही. ताईनं ती अट सासूबाई गेल्यावरही मोडली नाही. आणि विरोध करणारा सत्पाल पुढे तिच्याहून जास्त वेळ पाण्यात असायचा.

तिला मासा खायचा असला की ती माझ्याकडे यायची. स्टीलच्या डब्यात बर्फात ठेवलेला रोहू घेऊन बसनं पानिपतहून नोएडाला. माझ्या घरी तो कुणाला आवडायचा नाही. काटे फार, आणि बाबांचा तो चिखल आमच्या जिभेवर उतरलेला. ती असताना आम्ही खायचो, पण ती अख्खा मासा ठेवून परत गेली की मी तो शेजारच्या बंगाली काकूंना देऊन टाकायचे. एकदा लिफ्टमध्ये काकू तिला भेटल्या आणि म्हणाल्या, "आपकी मछली तो बहुत ही मीठी थी." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ताई फक्त "अच्छा, पसंद आई?" म्हणाली. पुढच्या खेपेला दोन डबे आले. एक माझ्या हातात देऊन म्हणाली, "हा तुला, निवडून कमी काट्यांचा तुकडा आणलाय. आणि तो तिकडे देऊन ये, काकू वाट बघत असतील." तिनं मला शरमिंदं केलं नाही, म्हणून तर ते अजून आठवतं.

एका श्रावणात मी राखीच्या सुट्टीला तिच्याकडे गेले होते. चार दिवस ढग हटले नव्हते, वारा अजिबात नाही, अंगाला कपडे चिकटत होते. पहाटे सत्पालनं दार वाजवलं. आम्ही धावत तळ्यावर गेलो तर पाण्यावर सगळीकडे तोंडंच तोंडं. मासे वर येऊन हवा गिळत होते. सूर्य नाही की शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, उलट रात्रभर असलेला वापरून टाकतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त तो आवाज ऐकू येत होता, शेकडो ओठांचा, मऊ, पचपच... ताई साडी खोचून छातीभर पाण्यात उतरली आणि फळीनं पाणी बडवायला लागली. सत्पालनं पंप चालू करून पाण्याची धार उंचावरून तळ्यात सोडली. मी काठावर थिजले होते. मला पाण्याची भीती आहे, पोहता येत नाही. ताई ओरडली, "शुभा, बघत काय राहिलीस! बादली घे, काठावरूनच पाणी उडव!" मी उडवत राहिले, हात भरून आले तरी. ऊन आलं तोवर रोहू, मृगळ बरेचसे वाचले होते. चंदेरा आणि कटला मात्र पांढरी पोटं वर करून काठाला लागत होते.

दुपारी तिनं खड्डा घेऊन ते सगळे पुरले, वर चुना टाकला. मग हात धुऊन, सत्पालच्या बायकोनं, कमलानं, वाढलेल्या ताटावर येऊन बसली आणि म्हणाली, "चूक माझी. काल संध्याकाळी पाणी फार गडद दिसत होतं, शेणखत थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही." एवढं बोलून ती जेवली. दोन भाकऱ्या, कढी, भात. मी तिच्याकडे बघत होते. एवढे जीव गेले आणि हिला घास कसा उतरतो? आता कळतं की ती कठोर नव्हती. चूक कुठे झाली हे तिनं नेमकं पाहिलं होतं, ती पुन्हा होऊ द्यायची नाही हे ठरवलं होतं, आणि संध्याकाळी पुन्हा तळ्यावर जायला अंगात बळ लागणार होतं. मी गेले काही आठवडे तिच्यासारखं म्हणून बघते, चूक माझी. पण मला पुढची संध्याकाळ नाही. सुधारायला माझ्याकडे तळं नाही.

गेल्या दिवाळीच्या सुमारास जाळं ओढताना ती काठावर खाली बसली ती उठलीच नाही. पानिपतला प्राथमिक उपचार झाले, मग दिल्लीला आणलं. हृदयाचं काम निम्म्यावर आलं होतं. डॉक्टर म्हणाले, थंड पाण्यात उतरायचं नाही, ओझं ओढायचं नाही, इस्पितळ जवळ असलेलं बरं. मला तेवढंच ऐकू आलं. डिस्चार्जच्या दिवशी ती म्हणाली, "आधी पानिपतला जाऊ. दोन दिवस राहते, सगळं सांगून-सवरून येते."

"ताई, तू दोन दिवसांत पाण्यात उतरशील."

"नाही उतरणार. काठावर बसेन."

"तुझ्यावर माझा विश्वास नाही," मी म्हटलं. "कपडे सत्पाल पाठवेल. गाडी खाली उभी आहे, चलो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं. नाहीतर तुला झोप लागायची नाही." आणि त्या दुपारी इस्पितळाच्या खाटेवरून ती थेट माझ्या अकराव्या मजल्यावर आली. तीस-पस्तीस वर्षांचं घर, शेत, तळी, माणसं, कशाचाही निरोप न घेता. आपण फार कार्यक्षम आहोत असं मला तेव्हा वाटलं होतं.

ती तक्रार करणाऱ्यातली नव्हती. प्रदूषणामुळे आम्ही खिडक्या बंद ठेवायचो, ती काचेला नाक लावून खाली सोसायटीच्या पोहण्याच्या तलावाकडे बघायची. "किती निळं गं," म्हणायची, "यात काही म्हणजे काही जगत नसेल." सकाळी उठल्याबरोबर तिचा सत्पालला फोन. पाण्याचा रंग काय, मासे वर येतायत का, गवत्याला बरसीमचा चारा टाकला का, बगळे किती बसलेत. कधी बातमी वाईट असायची, पंप बिघडला, एखाद्या माशाच्या अंगावर लाल डाग दिसले, की ती अस्वस्थ व्हायची आणि मशीनवर रक्तदाब वाढलेला दिसायचा. मी सत्पालला फोन करून सांगितलं की तिला टेन्शन देऊ नका, सगळं ठीक आहे म्हणा. हे मी ताईपासून लपवलंही नाही, तिच्यासमोर बसून बोलले. तिनं माझ्या हातातून फोन घेतला नाही. फोन ठेवल्यावर म्हणाली, "शुभा, पंप बिघडला हे कळल्यानं मी मरणार नाही. पण आता तो रोज सब ठीक है म्हणेल आणि मी काय विचारू त्याला?"

"विचारू नकोस ना. आराम कर, यार. किती वर्षं केलंस."

"तुझी नोकरी काढून घेतली आणि म्हटलं आराम कर, तर?"

आमचं चांगलंच भांडण झालं. मी एका वाहिनीच्या ऑफिसात काम करते, तिथला सगळा वैताग मी त्या दिवशी तिच्यावर काढला. म्हटलं, माझ्यावर उपकार म्हणून तरी ऐक. सत्पाल माझा शब्द पाळणारा निघाला. रोज सब ठीक है. आठ-दहा दिवसांत ताईनं सकाळचा फोन करणं बंद केलं. तिचा रक्तदाब चांगला राहायला लागला. मी तो आकडा बघून समाधान मानत होते.

एकच गोष्ट तिनं मागितली. थंडी ओसरताना मोठं जाळं टाकून तयार मासा काढतात, त्या दिवशी न्यायचं. मी बिल्कुल नेईन म्हणाले. एकदा धुकं होतं, महामार्गावर गाड्या आदळत होत्या म्हणून पुढे ढकललं. दुसऱ्यांदा माझी शिफ्ट लागली. मी म्हटलं, पुढचा रविवार नक्की. पण व्यापाऱ्याची गाडी रविवारपर्यंत थांबणार नव्हती. सत्पालनं व्हिडिओ कॉल लावला आणि ताई सोफ्याच्या टोकाला, फोन दोन्ही हातांत धरून, सगळी मासेमारी बघत बसली. जाळं दोन्ही काठांकडून जवळ येत होतं आणि आतलं पाणी उसळायला लागलं होतं. ती ओरडायला लागली, "अरे, खींचो मत ज़ोर से! छोटे वालों को पहले छोड़ो, पानी में ही रखो, पानी में!" मी स्वयंपाकघरातून धावत आले. तिचा चेहरा लाल झाला होता. इतकी जिवंत ती माझ्या घरात आल्यापासून दिसली नव्हती. मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "ताई, हळू. बीपी वाढेल."

त्यानंतर आठवड्याच्या आत ती गेली. डॉक्टरांनी सांगितलं, हे कुठेही झालं असतं, तळ्यावर असती तर कदाचित लवकर झालं असतं. ते खरं असेल. मीही तेच मनाशी घोकते. पण मग आठवतं, तळ्यावर लवकर गेली असती की माझ्या सोफ्यावर थोडी उशिरा, हे ठरवायचं कुणी होतं... ते तिला विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी आम्ही तिला पानिपतला नेलं. सगळं गाव आलं होतं. एकेकाळी खड्ड्याला शिव्या देणारी म्हातारी माणसंही. सत्पाल माझ्याशी नीट वागला. कमलानं मला हाताला धरून जेवायला बसवलं. मला घास गिळवला नाही.

मागच्या पंधरवड्यात सत्पालचा फोन आला की नवं बीज टाकायचं आहे, दीदी, या. मला जायचं नव्हतं. गेले. एका छोट्या टेम्पोतून प्लास्टिकच्या फुगलेल्या थैल्या आल्या, प्रत्येकीत थोडं पाणी, वर भरलेला प्राणवायू आणि आत बोटाएवढे मासे, बोटुकली. मी एक उचलली. आतले चिमुकले जीव एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सैरभैर पळत होते. मला वाटलं, लवकर सोडून द्यावेत बिचाऱ्यांना. मी काठावर वाकून थैलीची गाठ सोडायला लागले.

"ना दीदी," कमला पुढे झाली, "ऐसे नहीं." तिनं थैली तशीच बांधलेली पाण्यावर ठेवली. थैली तरंगायला लागली. सत्पाल बाकीच्या एकेक करून पाण्यात सोडत होता, गाठी न उघडता.

"असं किती वेळ?" मी विचारलं.

सत्पाल म्हणाला, "भाभी यहीं बैठती थी, हाथ लगा के देखती रहती थी. कहती थी, थैली का पानी और तालाब का पानी पहले एक-दूसरे को पहचान लें. एकदम खोल दो तो झटके से मर जाती हैं." मग माझ्याकडे न बघता तो दुसऱ्या काठाकडे गेला. त्याला काही सुचवायचं नसावं. तो फक्त काम सांगत होता.

कमलानं तळ्याकाठच्या झोपडीतून एक मोडकी प्लास्टिकची खुर्ची आणून दिली, ताई बसायची ती. मी खुर्ची पाण्याला लागून ओढली आणि बसले. एक हात थैलीवर ठेवला, दुसरा तळ्यात बुडवला. थैलीतलं पाणी कोमट होतं, तळ्यातलं गार. मी तशीच बसून राहिले. उन्हं वर चढली, सत्पालनं दुसऱ्या काठावरच्या थैल्यांच्या गाठी उघडायला घेतल्या, कमला दोनदा चहाला बोलावून गेली. मी हात काढला नाही. दोन्हींतला फरक मला अजून जाणवत होता.